कुत्रा जेवत नाही: खाणं बदलण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेचार वर्षांचा लॅब्रेडॉर, नर, वजन ३२ किलो. तीन दिवसांपासून नेहमीचं कोरडं खाणं हुंगतो आणि सोडून देतो. उकडलेलं चिकन हाताने भरवलं तर चार घास खातो. पाणी पितो, उलट्या-जुलाब नाहीत. फिरायला नेलं तर येतो, पण कोपऱ्यावरूनच परत फिरतो. घरातली मोठी माणसं म्हणतात, पावसाळी हवेने होतं असं, दोन दिवसांत खायला लागेल. मेडिकलमधून भूक वाढवायचं सिरप आणून सुरूही केलंय. आणि शेवटी एक ओळ: तीन आठवड्यांपूर्वी कानामागे चार-पाच गोचीड सापडले होते, ते काढून टाकले.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. याला आज दवाखान्यात न्या, उद्यावर टाकू नका. रक्ताची तपासणी सांगतील, ती करा: सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि त्याच्या जोडीला ब्लड स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. लिव्हर आणि किडनीचे आकडेही त्याच रक्तातून काढून घ्या. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेली गोचिडांची ओळ मी तुमच्या समोर बसून केसपेपर लिहिला असता तर सगळ्यात वर लिहिली असती.

लॅब्रेडॉरने खाणं सोडणं याला माझ्या लेखी इतर जातींपेक्षा जास्त वजन आहे. या जातीतल्या साधारण चारातल्या एका कुत्र्यात ‘पीओएमसी’ (POMC) नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही, हे २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं. ज्या प्राण्याला ताटापासून ओढून बाजूला करावं लागतं, तो तीन दिवस ताटाकडे पाठ फिरवतो तेव्हा हवेला दोष देऊन थांबण्यात अर्थ नाही. चिकन खातो म्हणजे आजारी नाही, असाही अर्थ काढू नका. ताप असलेला कुत्रासुद्धा आवडीचे चार घास खातो. त्याने नेहमीचं खाणं किती आणि कधीपासून सोडलंय, हे बघायचं.

बहुतेक लोक दवाखान्यात येऊन पहिला प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर, काय दिलं तर खाईल?’ मला हा प्रश्न मागे ठेवावासा वाटतो. कुत्रा जेवत नाही तेव्हा नव्वद टक्के लक्ष भांड्याकडे जातं: हे खात नाही तर ते देऊ, ते नाही तर दही-भात, नाहीतर अंडं. दोन दिवसांत सहा पदार्थ फिरतात आणि कुत्र्याकडे कोणी नीट बघितलेलंच नसतं. तेव्हा दवाखान्यात निघण्याआधी एकदा भांडं ठेवा, दोन पावलं मागे उभे राहा आणि तो नेमका कसा जेवत नाही ते बघा. जमलं तर मोबाइलवर चित्रण करा. ते दोन मिनिटांचं चित्रण मला अर्ध्या तासाच्या हकिगतीपेक्षा जास्त सांगतं.

एखादा कुत्रा भांड्याकडे धावत येतो, तोंड घालतो, घास उचलतो आणि टाकतो. किंवा एकाच बाजूने चावतो, मान वाकडी करतो, लाळ गळते, पंजाने तोंड ओरबाडतो. याला भूक आहे, खाता येत नाही. दुखणं तोंडात, जबड्यात किंवा मानेत आहे. किडलेली दाढ, हिरडीखाली पू, जिभेखाली गुंडाळलेला दोरा आणि आपल्याकडे वारंवार दिसणारी गोष्ट म्हणजे अडकलेलं हाड. हाडाचा चपटा तुकडा टाळूला आडवा, वरच्या दोन्ही बाजूंच्या दाढांच्या मध्ये पाचर मारल्यासारखा बसतो. बाहेरून काही दिसत नाही. मटणाच्या नळीचं गोल कडं कधी कधी खालच्या सुळ्यांवरून सरकून जबड्यात बसतं आणि मग निघत नाही, कापावंच लागतं.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. कुत्र्याला गिळता येत नाही, लाळ गळतेय, खालचा जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, आणि त्याचं रेबीजचं लसीकरण वेळेवर झालेलं नाही किंवा गेल्या काही महिन्यांत त्याला भटक्या कुत्र्याने चावलंय: अशा वेळी ‘हाड अडकलं असेल’ म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीजचा एक प्रकार असा शांत असतो. कुत्रा अंगावर येत नाही, नुसता गिळू शकत नाही, आणि घरातला माणूस प्रेमापोटी घशात बोटं घालतो. लाळ हाताच्या जखमेला, ओरखड्याला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली असेल तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवा, हाताला साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. कुत्र्याला हात न लावता वेगळ्या खोलीत बंद करून डॉक्टरांना कळवा.

दुसरा कुत्रा भांड्यापर्यंत येतो, हुंगतो, ओठ चाटतो, दोन-तीनदा नुसतंच गिळतो आणि मान वळवून निघून जातो. याला मळमळतंय. उलटी झाली नाही म्हणून मळमळ नाही असं नसतं. बाहेर नेल्यावर आधाशासारखं गवत खाणं हेही अशा कुत्र्यात बघायला मिळतं. मळमळीची मुळं पोटात असतात, किडनीत असतात, लिव्हरमध्ये असतात, स्वादुपिंडात असतात. घरात लग्न-बारसं झालं, मटणाच्या रश्शातली चरबी कुत्र्याला मिळाली आणि दुसऱ्या दिवशी तो पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवून ताणतोय, तर ती आळोखेपिळोख्यांची हौस नाही. पोट दुखतंय. स्वादुपिंडाच्या सुजेत हे आसन आम्ही नेहमी बघतो आणि त्याला ॲडमिट करून सलाईन लावावं लागतं.

तिसरा कुत्रा भांड्याकडे येतच नाही. हाक मारल्यावर शेपूट हलवतो, पण उठत नाही. तुमचा कुत्रा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी आहे असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. कोपऱ्यावरून परत फिरणं हे मला न जेवण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. ताप किंवा रक्त कमी झालेल्या कुत्र्याची ताकद अशीच आधी फिरण्यातून जाते.

निघण्याआधी घरी आणखी दोन गोष्टी करता येतील, पाच मिनिटं लागतात. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, त्याच्या टोकाला व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावा, एकाने डोकं धरा आणि दुसऱ्याने शेपूट वर करून तो गुदद्वारात साधारण एक इंच सरकवा. बीप वाजेपर्यंत धरून ठेवायचं. कुत्र्याचं तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. त्यामुळे १०१.८ बघून घाबरू नका आणि १०३.५ ला ‘अंग थोडं गरम आहे’ म्हणू नका. नाक ओलं की कोरडं यावरून ताप कळत नाही. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचं नाकही कोरडं असतं.

मग वरचा ओठ उचला आणि सुळ्याच्या वरची हिरडी बघा. निरोगी हिरडी ओलसर आणि गुलाबी असते. बोटाने दाबली की तिथे पांढरा ठिपका पडतो आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. लॅब्रेडॉरच्या हिरड्यांवर बऱ्याचदा काळे डाग असतात, तिथे रंग कळत नाही. मग डोळ्याची खालची पापणी हळूच ओढून आतला भाग बघा. पांढुरका, पिवळसर किंवा विटकरी लाल दिसला, हिरडी चिकट लागली, किंवा हिरडीवर, पोटाच्या बिनकेसाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले, तर रात्रीचे अकरा वाजले असले तरी निघा. ते ठिपके म्हणजे कातडीखाली झालेला रक्तस्राव असतो. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, खूप खाली गेल्याशिवाय सहसा ते येत नाहीत.

आता गोचिडांकडे. आपल्या घराघरात सापडणारा तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावर रक्त पितो आणि त्याच्याबरोबर रोगाचे जंतू सोडतो. यातला सगळ्यात जास्त आढळणारा एर्लिचिया. हा जीवाणू पांढऱ्या पेशींमध्ये घर करतो. चावल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, भूक जाते, गाठी सुजतात, प्लेटलेट्स उतरतात. तुमचं तीन आठवड्यांचं गणित इथे बरोबर बसतं. ‘चार-पाचच होते, काढलेही’ याने धोका संपत नाही. एक चावा पुरतो, आणि दिसले चार तेव्हा न दिसलेले बोटांच्या बेचक्यांत, कानाच्या आत असतातच.

घरच्यांचं ‘दोन दिवसांत खाईल’ हे म्हणणं मला का खटकतं ते सांगतो. ते खरं ठरण्याची शक्यता आहे. एर्लिचियाचा पहिला टप्पा दोन ते चार आठवडे चालतो आणि बरेच कुत्रे उपचाराशिवायही त्यातून वर येतात. ताप उतरतो, भूक परतते, सगळे निर्धास्त होतात. जंतू मात्र प्लीहेत टिकून राहतो, महिनोन्‌महिने, कधी वर्षं. मग त्यातले काही कुत्रे एक दिवस नाकातून रक्त गळत येतात, कारण तोवर रक्त तयार करणारा अस्थिमज्जाच थकलेला असतो. त्या टप्प्यावर आमच्या हातात फार थोडं उरतं. पहिल्या टप्प्यात पकडला तर हाच आजार डॉक्सीसायक्लिन या स्वस्त आणि जुन्या अँटिबायोटिकला चांगला दाद देतो, बहुतेक कुत्रे दोन-तीन दिवसांत जेवायला लागतात. म्हणून तो स्वतःहून जेवला तरी रक्त तपासायचंच.

दुसरा जंतू बॅबेशिया. हा लाल पेशी फोडतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी चहा-कॉफीच्या रंगाची होते, कुत्रा धापा टाकतो. याला वेगळी औषधं लागतात, नुसत्या डॉक्सीवर भागत नाही. दोन्ही एकाच कुत्र्यात असणंही नवीन नाही. म्हणून ‘टिक फीव्हर (गोचीड ताप) दिसतोय, गोळ्या चालू करा’ एवढ्यावर समाधान मानू नका, स्मिअर करायला सांगा. आणि स्मिअरमध्ये काही दिसलं नाही म्हणजे आजार नाही असंही नाही. थेंबभर रक्तात जंतू सापडेलच असं नसतं. प्लेटलेट्स कमी आणि ताप असेल तर डॉक्टर उपचार सुरू करतील किंवा पीसीआर, म्हणजे रक्तात जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, सांगतील.

सिरप आजपासून बंद करा. भुकेच्या औषधांना त्यांची जागा आहे, निदान झाल्यावर आम्हीही देतो. कारण माहीत नसताना दिलं तर दोन दिवस वाया जातात, एवढंच होतं. त्याहून मोठी काळजी दुसऱ्याच गोष्टीची: ताप वाटला म्हणून घरातली माणसांची गोळी देणं. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि किडनी बसते. प्लेटलेट्स कमी असलेल्या कुत्र्यात तर हा रक्तस्रावाला दिलेला आवतणच आहे. पॅरासिटॉमॉलही स्वतःच्या मनाने नको. दिली असेल तर लपवू नका, नाव आणि वेळ सांगा. आम्ही रागावण्यासाठी विचारत नाही, पुढचं औषध त्यावर ठरतं.

तसंच तोंड उघडून पिचकारीने पातळ भात किंवा दूध घशात ढकलू नका. मळमळणाऱ्या, अशक्त कुत्र्याच्या श्वासनलिकेत ते जातं आणि न्यूमोनिया होतो. शिवाय ज्या पदार्थाबरोबर जबरदस्ती आणि मळमळ जोडली गेली, तो पदार्थ बरा झाल्यावरही कुत्रा पुढे आठवडेच्या आठवडे तोंडात घेत नाही. त्याचं आवडतं चिकन आजारपणात वाया घालवू नका, त्याची गरज पुढे पडेल.

तुमचा प्रश्न वाचून आणखी लोक आपापल्या कुत्र्यांचा विचार करतील, त्यांच्यासाठी काही गोष्टी.

चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर चोवीस तास वाट बघायची मुभा नाही. बारा तास खाल्लं नाही, त्यात उलटी किंवा घाण वासाचे पातळ जुलाब सुरू झाले, की पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्याचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, समजूनच धावा. पॉमेरेनियन, चिहुआहुआसारख्या लहान जातींच्या पिल्लांची साखर काही तासांत इतकी उतरते की झटके येतात.

मादीचं ऑपरेशन झालेलं नसेल आणि ती महिना-दोन महिन्यांपूर्वी माजावर येऊन गेली असेल, आता जेवत नाही पण पाण्यावर पाणी पितेय, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका आधी घ्यायची. खालून स्राव येईलच असं नाही. गर्भाशयाचं तोंड बंद असलं तर पू आत साठतो आणि ते जास्त वाईट. सोनोग्राफीत लगेच कळतं. ऑपरेशन वेळेत झालं तर बहुतेक माद्या वाचतात. ‘पाणी भरपूर पितेय, म्हणजे ठीक आहे’ हे वाक्य मी या आजारात फार ऐकतो. तसंच किडनीचा आजार असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांतही. दहा वर्षांचा कुत्रा हळूहळू खाणं कमी करतो, पाणी वाढवतो, वजन उतरतं, तोंडाला वेगळाच वास येतो. वय झालं म्हणून हे सोडून देऊ नका. वयाने भूक थोडी मंदावते, जात नाही.

पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार येतो. ताप, न जेवणं, मग पिवळे डोळे. हा माणसालाही होतो, म्हणून अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालून पुसा. याच दिवसांत कोरड्या खाण्याची पिशवीही उघडून हुंगा. सादळलेलं, बुरशी धरलेलं खाणं कुत्रा नाकारतो तेव्हा त्याचंच बरोबर असतं, बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन लिव्हर नासवतं. आंब्याच्या दिवसांत कोय आणि पावसाळ्यात दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस, दोन्ही आतड्यात अडकतात. कुत्रा जेवत नाही, प्यायलेलं पाणीही उलटून टाकतो, शी होत नाही, तर एक्स-रे आणि सोनोग्राफी त्याच दिवशी. घरात उंदराचं औषध ठेवलं असेल तर तेही सांगा. त्यातल्या बऱ्याच औषधांचा परिणाम तीन ते पाच दिवसांनी दिसतो, तोवर ‘कधीतरी चाटलं असेल’ हे घरचे विसरलेले असतात. द्राक्षं, बेदाणे, कांदा, चॉकलेट खाल्लं असेल तर तेही सांगा.

आणि काही वेळा खरंच काही झालेलं नसतं. मे महिन्याच्या उन्हात कुत्रे दुपारी तोंड लावत नाहीत आणि रात्री दहाला सगळं संपवतात. गल्लीत मादी माजावर असली की नर एखादा दिवस दारापाशी बसून राहतो, रडतो, जेवत नाही. लस दिल्यावर एक दिवस मरगळ चालते. दिवाळीत फटाक्यांनी पलंगाखाली बसलेला कुत्रा पाडव्यापर्यंत जेवत नाही. घरातलं माणूस परगावी गेलं तरी होतं. या सगळ्यांत दोन खुणा सारख्या: लस दिल्याचा तो दिवस सोडला तर कुत्रा बाकी तरतरीत असतो, आणि एका दिवसाच्या, फार तर दीड दिवसाच्या आत खायला लागतो.

लाडाने बिघडलेली भूक वेगळी. ३० किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाच दिवसाला साधारण ९०० कॅलरी लागतात. त्यातल्या दोन-तीनशे घरातल्या चौघांच्या हातून बिस्किटं, पोळीचे तुकडे, चहाची बशी यांतून गेल्या की संध्याकाळी भांड्याकडे बघणार कोण? असा कुत्रा दिसायला गोल असतो, उड्या मारतो, आणि त्याचं ‘न खाणं’ महिनोन्‌महिने चाललेलं असतं. भांडं वीस मिनिटं ठेवून उचलायचं, मध्ये काही द्यायचं नाही, हा उपाय फक्त त्याच्यासाठी. तीन दिवसांपूर्वीपर्यंत सगळं खाणाऱ्या कुत्र्यावर, म्हणजे तुमच्या कुत्र्यावर, हा प्रयोग करू नका.

दवाखान्यात जाताना लसीकरणाचं कार्ड, शेवटचं जंताचं औषध कधी दिलं ती तारीख, सिरपची बाटली आणि गोचीड कधी दिसले ती तारीख घेऊन जा. खासगी तपासण्या परवडत नसतील तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांचा विचार करा, तिथे शिकवणारे डॉक्टर स्वतः बघतात.

गोचीड ताप निघाला तर डॉक्सीसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं. तिसऱ्या दिवशी कुत्रा जेवला म्हणून बंद करू नका. रिकाम्या पोटी ही गोळी उलटी करवते आणि पुन्हा भूक मारते, म्हणून आधी थोडं खाणं, मग गोळी, वर पाणी. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर देऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही. सुरुवातीचे दिवस मऊ भात आणि हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, किंचित कोमट करून, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. कोमट केल्याने वास उठतो आणि कुत्रा आधी वासाने जेवतो. मीठ-मसाला, कांदा-लसूण नको. प्लेटलेट्स आठवड्याने पुन्हा मोजा.

आणि घर तपासा. हा गोचीड रक्त पिऊन झाल्यावर कुत्र्यावरून उतरतो आणि भिंतीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात, पायपुसण्याखाली एकेक मादी हजारो अंडी घालते. कुत्र्याला महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोचिडांची गोळी वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्या, त्याला कधी फिट आली असेल तर आधी सांगा. अंथरूण उकळत्या पाण्यात काढा, फटी सिमेंटने बुजवा. अंगावर रॉकेल किंवा फिनेल लावू नका, कुत्रा ते चाटतो. अंगावर गोचीड दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. आज रक्ताचा रिपोर्ट आला की हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स आणि क्रिएटिनीन (किडनीचा आकडा) हे तीन आकडे इथे लिहा, त्यावरून पुढचं बोलू.